छत्तीस ड्युट्यांचा महिना

सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव झाला तो खुर्चीचा. पहाटे चारला विमानतळावरून आलेल्या एका सभासदाला गेटवर दोनदा हॉर्न वाजवावा लागला, कारण केबिनमधला गार्ड डोळे मिटून बसला होता. फुटेज काढलं गेलं, ग्रुपवर फिरलं आणि आठवड्याच्या आत केबिनमधली प्लास्टिकची खुर्ची जाऊन तिथं पाठ नसलेला स्टूल आला. टेकायला मिळालं नाही की माणूस झोपत नाही, असा हिशेब. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत दोघे मोठ्या कंपन्यांत एचआर सांभाळतात, हे जाता जाता.

त्या स्टुलावर माणूस रात्र कशी काढतो ते बघावं म्हणून जेवण झालं की मी वाकडच्या आमच्या गेटवर जाऊन बसायला लागलो.

रात्री आठला चार्ज घ्यायचा: रजिस्टर, किल्ल्यांचा जुडगा, टॉर्च, शिट्टी. केबिन एवढीशी. दोन माणसं बसली की दार लागत नाही. आत डासांच्या कॉइलचा धूर आणि न वाळलेल्या युनिफॉर्मचा कुबट वास. पावसाळ्यात युनिफॉर्म वाळतच नाही, कारण जोड दोनच आणि रूममधल्या एका दोरीवर सहा जणांचे कपडे. तो वास माझ्या शर्टाला लागून घरापर्यंत यायचा.

फुटेजमधले काका बीड जिल्ह्यातले. पन्नाशी उलटलेली. तरुणपणी बायकोबरोबर ऊसतोडीला जायचे, मोळ्या उचलून उचलून कंबर गेली म्हणून कोयता सोडला आणि पुण्याला आले. त्यांनी एकदा सहज सांगितलं, “मागच्या महिन्यात छत्तीस ड्युट्या भरल्या, साहेब.” मी म्हटलं, काका, महिना एकतीस दिवसांचा, छत्तीस कशा? तर म्हणाले, “एकतीस रात्रीच्या, पाच दिवसाच्या. रिलीव्हर आला नाही की डबल करावी लागती.”

एक ड्युटी बारा तासांची. रात्रपाळी संपवून तिथंच दिवसपाळी, आणि आठ वाजले की पुन्हा आपली रात्रपाळी आहेच. म्हणजे सलग छत्तीस तास. असं महिन्यात पाचदा. मीटिंगमध्ये मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलेली पहाटे चारची ती डुलकी काकांच्या ड्युटीच्या बत्तिसाव्या तासातली होती. फुटेजच्या कोपऱ्यात वेळ होती, तारीख होती. हे तेवढं नव्हतं.

गेटवरून कोण आत जाईल हे गार्ड ठरवतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते ठरतं वरच्या मजल्यावरच्या मोबाइलवर. पार्सलवाला आला की काका ॲपमध्ये फ्लॅट नंबर टाकतात, वरून ‘हो’ आलं की दांडा उचलतात. खरी चौकशी होते ती त्यांचीच. रात्री अकरापासून पाचपर्यंत दर तासाला स्वतःचा फोटो कंपनीच्या ग्रुपवर टाकायचा, खाली वेळ आणि ठिकाण उमटलेलं हवं. पेन्शनर मंडळी वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, हयातीचा दाखला देतात. काका रात्रीत सात वेळा देतात. तो देण्याचा विधी मी जवळून पाहिला आहे. आधी खुंटीवरची टोपी डोक्यावर. मग बाहेर येऊन गेटचा नंबर पाठीमागे येईल असं उभं राहायचं, तडा गेलेला फोन हात लांब करून धरायचा, हनुवटी वर, श्वास रोखलेला. फोटो हलला तर पुन्हा. सेंड झाल्याची खूण दिसेपर्यंत टोपी उतरत नाही. एक फोटो चुकला तर अर्धी ड्युटी कापतात.

खासगी सुरक्षा एजन्सींसाठी 2005 चा केंद्रीय कायदा आहे. त्याखालच्या नियमांत गार्डला वर्गातलं 100 तास आणि प्रत्यक्ष कामाचं 60 तास प्रशिक्षण सांगितलं आहे. काकांचं प्रशिक्षण जेवणानंतर सुरू होऊन चहाच्या आत आटोपलं. त्यातून सॅल्यूट मात्र पक्का झाला.

पगाराची स्लिप त्यांनी मला दाखवली. किमान वेतनाचा महिना सव्वीस दिवसांचा धरतात. स्लिपवरही हजेरी बरोबर सव्वीस. उरलेल्या दहा ड्युट्या ‘इतर भत्ता’ या ओळीत, साध्याच दराने. जादा कामाला दुप्पट दर हे कायद्यातच आहे, आणि बारा तासांतल्या वरच्या चार तासांचं काय झालं हे तर स्लिपला विचारूच नये. खजिनदारांपुढे विषय काढला तर ते म्हणाले, “ते एजन्सी बघेल. आपण सर्व्हिस घेतो, माणसं ठेवत नाही.” छत्तीस ड्युट्या भरलेल्या माणसाला ऐकवायला हे वाक्य फारच स्वच्छ आहे.

वेगळी वाट महाराष्ट्रानेच काढून ठेवलेली आहे. माथाडी कामगारांच्या 1969 च्या कायद्याच्या धर्तीवर 1981 मध्ये सुरक्षा रक्षकांचा कायदा झाला आणि त्यातून सुरक्षा रक्षक मंडळं आली. मालकाने पगार आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळ गार्डला देणार. ‘मंडळाचा गार्ड’ हे शब्द काका सरकारी नोकरीबद्दल बोलावं तशा आवाजात उच्चारतात. आमच्या कमिटीला मंडळाचा दर परवडत नाही. क्लबहाउसच्या नव्या एसीचा परवडला.

काका या गेटवर सात वर्षं आहेत, पण नोकरीत सात वर्षं नाहीत. तेवढ्यात तीन कंपन्या झाल्या. कॉन्ट्रॅक्ट बदललं की बाहीवरचा बिल्ला बदलतो, नव्या युनिफॉर्मचे पैसे पहिल्या पगारातून जातात आणि ग्रॅच्युइटीला लागणारी सलग पाच वर्षं पुन्हा शून्यापासून मोजायची.

यंदाही मार्चमध्ये मुदत संपते. तीन एजन्सींची कोटेशनं आलीत, आणि सगळ्यात कमी दरवालीने ‘रात्री दर अर्ध्या तासाला फोटो’ असं ठळक अक्षरांत लिहिलंय. मी काकांना ते वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, “बुटाचे पैसे कापत्यात का, तेवढं बघा की त्यात.”