बेलफास्टचा कारकून आणि स्ट्रासबुर्गचें न्यायासन

घरच्या मंडळींनीं एकत्र बसून वाचावयाच्या मासिकांत हा विषय कशाला, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल हें आम्ही जाणून आहों. त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, हा विषय मुळांत घराचाच आहे. आपल्या घराचें दार कोणासाठीं उघडावें, आपली रोजनिशी कोणीं वाचावी, आणि दोन सज्ञान माणसांनीं परस्परांवर केलेल्या प्रेमाचा जाब सरकारनें विचारावा कीं काय, या प्रश्नांवर गेल्या पन्नास वर्षांत युरोपांत मोठा वाद झाला. ज्यांस हल्लीं एलजीबीटी या अक्षरसमुच्चयानें संबोधितात, म्हणजे पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री, दोहोंकडे ओढा असणारे आणि जन्मकाळीं ठरविलेलें लिंग आपलें न मानणारे, त्यांनीं हा वाद मोर्चे काढून जेवढा लढविला, तेवढाच अर्ज, कैफियती व ठराव यांच्या साह्यानें लढविला. आम्हांस या दुसऱ्या मार्गाचीच हकीकत सांगावयाची आहे.

ता. २१ जानेवारी १९७६ रोजीं उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्ट येथें जेफ्री डजिअन नांवाच्या गृहस्थाच्या घरीं पोलीस आले. हा तिशीच्या आसपासचा तरुण जहाज-वाहतुकीच्या एका कचेरींत कारकून होता. पोलिसांजवळ झडतीचा हुकूम होता तो अमली पदार्थांच्या कायद्याखालचा. घरांत थोडा गांजा सांपडला, आणि त्याबद्दल पुढें दुसऱ्याच एका इसमावर खटला झाला. पण झडती घेतांना पोलिसांच्या हातीं डजिअनचीं खाजगी पत्रें, कागद व रोजनिशा लागल्या, आणि त्या वाचून त्यांच्या ध्यानांत आलें कीं हा मनुष्य समलिंगी आहे. गांजा बाजूला राहिला. डजिअनला ठाण्यावर नेण्यांत आलें व त्या कागदांच्या आधारें सुमारें साडेचार तास त्याच्या खाजगी संबंधांविषयीं त्याची उलटतपासणी झाली. पुढें वर्षभर त्याच्यावर खटल्याची टांगती तलवार होती. फेब्रुवारी १९७७ मध्यें खटला भरणें लोकहिताचें नाहीं असें वरिष्ठांनीं ठरविलें आणि त्याचे कागद त्यास परत मिळाले. त्या कागदांवर जागोजागीं खुणा व शेरे केलेले होते.

आपली रोजनिशी परक्यानें वाचून, वर त्यांत पेन्सिल चालवून परत दिली, तर आपणांस काय वाटेल हें वाचकांनीं क्षणभर मनांत आणावें. आम्ही हा प्रसंग इतक्या विस्तारानें दिला तो त्यासाठींच.

ज्या कायद्याखालीं हें सारें घडलें तो १८६१ सालचा होता, आणि त्यास १८८५ साली आणखी एका कलमाची जोड मिळाली होती. इंग्लंड व वेल्स या प्रांतांपुरता पार्लमेंटनें हा कायदा १९६७ मध्येंच सैल केला होता. २१ वर्षांवरील दोन पुरुषांचें एकांतांतील वर्तन तेथें अपराध राहिलें नव्हतें. स्कॉटलंडनें १९८० मध्यें तेंच केलें. उत्तर आयर्लंड मात्र मागें राहिला. तेथें प्रॉटेस्टंट व कॅथलिक यांच्यांत त्या काळीं बाँब व बंदुका चालत होत्या. पण हा कायदा ठेवावा याविषयीं दोन्ही पंथांच्या पुष्कळशा पुढाऱ्यांत एकवाक्यता होती! रेव्हरंड इअन पेझ्ली यांनीं १९७७ मध्यें सुधारणेविरुद्ध जोराची मोहीम काढली व जवळजवळ ७०,००० सह्या गोळा झाल्या. लंडन सरकारनें १९७८ मध्यें सुधारणेचा मसुदा प्रसिद्ध केला होता, तो १९७९ मध्यें गुंडाळून ठेवला. सत्तर हजार सह्यांपुढें एका कारकुनाची एक सही कोणत्या तागडींत घालावयाची? लोकमताच्या तराजूंत तिला वजन नव्हतें. डजिअनला दुसरा तराजू शोधावा लागला.

तो तराजू फ्रान्सच्या सरहद्दीवर स्ट्रासबुर्ग येथें होता. येथें एक घोटाळा आधींच दूर केला पाहिजे, कारण वर्तमानपत्रें तो नेहमीं करतात. युरोपियन युनियन ही एक संस्था आणि कौन्सिल ऑफ युरोप ही दुसरी. पहिलीचा जन्म व्यापारांतून झाला. तिचें न्यायालय लक्झेंबुर्ग येथें आहे. दुसरी १९४९ साली, महायुद्धाची राख अजून ऊन असतांना स्थापन झाली, आणि तिच्या छत्राखालीं ता. ४ नोव्हेंबर १९५० रोजीं रोम येथें मानवी हक्कांच्या करारावर सह्या झाल्या. त्या कराराचें आठवें कलम म्हणतें कीं, प्रत्येकाचें खाजगी व कौटुंबिक जीवन, घर आणि पत्रव्यवहार यांचा मान राखला पाहिजे. हा करार मोडणाऱ्या स्वतःच्याच सरकारविरुद्ध एकट्यादुकट्या नागरिकासहि अर्ज करतां यावा, अशी त्यांत सोय आहे, आणि ब्रिटननें ही सोय १९६६ मध्यें मान्य केली होती. त्या काळीं अर्ज आधीं एका आयोगापुढें जाई व त्यानें उचलून धरल्यास न्यायालयापुढें येई.

या दारावर थाप मारणारा डजिअन पहिला नव्हे. पश्चिम जर्मनींतून १९५५ मध्येंच असा अर्ज आला होता, आणि समाजाच्या नीतिरक्षणासाठीं असा कायदा करण्यास सरकार मुखत्यार आहे असें सांगून आयोगानें तो दारांतूनच परत लावला होता. करारांतील एक अक्षर त्यानंतर बदललें नाहीं. वीस-पंचवीस वर्षांत बदलले ते वाचणारे. कायद्याची अक्षरें अचल असतात असें मानणाऱ्या आमच्या वकील मित्रांनीं याची नोंद घ्यावी.

डजिअननें मे १९७६ मध्यें अर्ज केला. निकाल लागला ता. २२ ऑक्टोबर १९८१ रोजीं. सरकारच्या वतीनें सांगण्यांत आलें कीं, सज्ञान पुरुषांवर अलीकडे कोणी खटले भरीत नाहीं, मग अर्जदाराचें नुकसान तें काय? शिवाय उत्तर आयर्लंडचा समाज सनातनी आहे. त्याच्या भावनांस जपलें पाहिजे. पहिल्या मुद्द्यास न्यायालयानें दिलेलें उत्तर आम्हांस फार मार्मिक वाटतें. असा कायदा पुस्तकांत नुसता असणें हाच अर्जदाराच्या जीवनांतील अखंड हस्तक्षेप आहे. कारण त्यानें एक तर कायदा पाळून आपल्या स्वभावास जन्मभर मुरड घालावी, नाहीं तर कायदा मोडून सदैव गुन्हेगाराच्या भीतींत राहावें, असा त्यावर पेंच आहे. आणि कायदा मेलेला आहे म्हणावें, तर त्या झडतीचे कागद खटल्याच्या निर्णयासाठीं वरिष्ठांकडे गेलेच कसे? दुसऱ्या मुद्द्यास उत्तर असें कीं, एखाद्या गोष्टीनें बहुसंख्य लोक दुखावतात, एवढ्यावरून सज्ञान माणसांच्या एकांतांतील वर्तनास तुरुंगाची शिक्षा ठेवणें समर्थनीय ठरत नाहीं. १५ विरुद्ध ४ मतांनीं ब्रिटिश सरकार हरलें. वयाची मर्यादा किती असावी हें मात्र न्यायालयानें राष्ट्रांवर सोडलें. पुढच्याच वर्षीं उत्तर आयर्लंडचा कायदा बदलला. डजिअनला भोगाव्या लागलेल्या मनस्तापाबद्दल एक पैहि मिळाली नाहीं. कायदा बदलला हेंच पुरें, असें न्यायालय म्हणालें व खर्चापोटीं सुमारें ३,३०० पौंड देवविले.

विरुद्ध मत देणाऱ्या चौघांत एक न्यायाधीश आयर्लंडच्या प्रजासत्ताकाचे व एक सायप्रसचे होते. आणि योगायोग पाहा! पुढचे दोन खटले त्याच दोन देशांविरुद्ध निघाले. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकविणारे डेव्हिड नॉरिस आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयांत १९८३ मध्यें ३ विरुद्ध २ मतांनीं हरले. राष्ट्राची ख्रिस्ती परंपरा तेथें आड आली. स्ट्रासबुर्गला ते १९८८ मध्यें ८ विरुद्ध ६ मतांनीं जिंकले. त्यांची बाजू मांडणाऱ्या बॅरिस्टर बाई मेरी रॉबिन्सन दोनच वर्षांनीं आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. तरी कायदा बदलण्यास त्या देशानें १९९३ साल उजाडूं दिलें. सायप्रसचे वास्तुशिल्पी अलेकोस मोदिनोस १९९३ मध्यें जिंकले, आणि त्यांच्या सरकारानें आणखी पांच वर्षें घेतलीं. जिंकलेला दावा अमलांत आणण्यास असा काळ लागतो, याचें कारण या न्यायासनाजवळ पोलीस नाहीं, तुरुंग नाहीं. सभासद राष्ट्रांच्या मंत्र्यांची एक समिति वर्षांमागून वर्षें विचारीत राहते कीं, निकालाचें काय केलेंत? हा तगादा आणि चारचौघांतली लाज एवढेंच त्याचें बळ.

एकदां पायंडा पडल्यावर पुढील वाट वाहती झाली. समलिंगी असल्याच्या कारणावरून सैन्यांतून काढलेल्यांनीं १९९९ मध्यें ब्रिटनला हरविलें व चार महिन्यांत ती बंदी उठली. क्रिस्टीन गुडविन या पुरुष म्हणून जन्मनोंद झालेल्या व पुढें स्त्री झालेल्या बाईंना २००२ मध्यें सर्व न्यायाधीशांनीं एकमुखानें न्याय दिला, आणि त्यांतून २००४ चा ब्रिटिश कायदा निघाला.

कायदेमंडळांचीहि थोडी हकीकत दिली पाहिजे. डजिअनच्या निकालाच्या आधीं तीन आठवडे, ता. १ ऑक्टोबर १९८१ रोजीं, कौन्सिल ऑफ युरोपच्या प्रतिनिधिसभेनें समलिंगी व्यक्तींविरुद्धचा पक्षभेद बंद करावा असा ठराव केला, आणि जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या रोगांच्या यादींतून ही गोष्ट काढावी अशीहि मागणी केली. ती मागणी १९९० मध्यें पुरी झाली. युरोपियन युनियनच्या पार्लमेंटांत व्हेरा स्क्वार्चालुपी या इटालियन सभासद बाईंनीं नोकरींतील अन्यायाविषयीं अहवाल आणला, तो मार्च १९८४ मध्यें संमत झाला. या ठरावांना कायद्याचें बळ नव्हतें. पण ठरावांवर ठराव सांचत गेले आणि १९९७ च्या ॲमस्टरडॅम तहांत या कारणावरील पक्षभेदाविरुद्ध पाऊल टाकण्याचा अधिकार लेखी आला. त्याच्या आधारें नोव्हेंबर २००० मध्यें नोकरीविषयक नियम झाला. कॉव्हेंट्री येथें १९७८ मध्यें या लोकांचा जो आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला, त्याच्या कार्यकर्त्यांनीं सभासदांच्या दाराशीं घातलेल्या खेपांचें हें फळ होय.

युनियनच्या हातीं आणखी एक साधन आहे, तें पैशाचें. पोलंडांत २०१९ पासून सुमारें शंभर स्थानिक मंडळांनीं आपल्या हद्दींत या लोकांच्या “विचारसरणीस” थारा नाहीं असे ठराव केले. युरोपीय पार्लमेंटनें मार्च २०२१ मध्यें सारें युनियन हें या लोकांचें मुक्तक्षेत्र आहे असें जाहीर केलें. तें ऐकून कोणी ठराव मागें घेतल्याचें आम्हांस दिसत नाहीं. त्याच वर्षीं युनियनच्या कार्यकारी आयोगानें पांच प्रांतांस अनुदानाविषयीं पत्र धाडलें, तेव्हां मात्र ठराव भराभर रद्द होऊं लागले! अखेरचा ठराव वांसुत जिल्ह्यानें एप्रिल २०२५ मध्यें मागें घेतला. अशा रीतीनें झालेलें मतपरिवर्तन कितपत खरें, अशी शंका आम्हांसहि येते. परंतु आपल्याच गांवांत आपण नको आहों हें नगरसभेच्या ठरावांत वाचणाऱ्या मुलास तो ठराव कोणत्या हेतूनें फाडला गेला याची फिकीर नसावी.

आणि जेथें लाज चालत नाहीं व अनुदानहि नाहीं, तेथें काय? रशियाचें उदाहरण समोर आहे. त्यास मार्च २०२२ मध्यें कौन्सिल ऑफ युरोपांतून काढण्यांत आलें. जानेवारी २०२३ मध्यें स्ट्रासबुर्गनें निकाल दिला कीं, समलिंगी जोडप्यांस कोणत्याहि स्वरूपाची कायदेशीर मान्यता न देऊन रशियानें करार मोडला. त्याच सालच्या ३० नोव्हेंबरला रशियाच्या सर्वोच्च न्यायालयानें या लोकांची तथाकथित आंतरराष्ट्रीय चळवळच अतिरेकी ठरवून टाकली. बाहेर गेलेल्या राष्ट्रास तगादा कोण लावणार?

हिंदुस्थानावर या न्यायासनाची सत्ता कधींच नव्हती. पण बेलफास्टच्या कायद्याचें व आपल्या दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाचें घराणें एकच. तो १८६१ चा, हें १८६० चें, दोन्ही एकाच राज्यकर्त्यांनीं केलेले. सर्वोच्च न्यायालयानें ता. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतें तें कलम घटनाबाह्य ठरविलें, तेव्हां न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांनीं आपल्या निकालपत्रांत डजिअन, नॉरिस व मोदिनोस या तिन्ही खटल्यांचा परामर्श घेतला. बेलफास्टच्या कारकुनाचें गाऱ्हाणें असें सदतीस वर्षांनीं दिल्लीस वाचलें गेलें. यानंतर विवाहाच्या हक्कासाठीं केलेले अर्ज त्याच न्यायालयानें ता. १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं अमान्य केले, आणि फेरविचाराचे अर्जहि जानेवारी २०२५ मध्यें फेटाळले. आशिया खंडास असें सामाईक न्यायासन अद्यापि नाहीं. दिल्लीस हरलेल्या नागरिकास ठोठावण्यासाठीं त्यापलीकडे दार नाहीं. आतां त्याला पार्लमेंटकडेच जावें लागेल, जेथें सह्या मोजल्या जातात.