बेस गिटारचा पिकअप बदलताना

यंदाच्या स्नेहसंमेलनात शेवटच्या समूहगीताच्या वेळी ध्वनिक्षेपकातून एकसारखा घूं-घूं आवाज येत होता, हे पालकांना आठवत असेलच. काही पालकांनी दुसऱ्या दिवशी कार्यालयात येऊन माइकवाल्याविषयी तक्रारही केली. माइकवाल्याचा त्यात काही दोष नव्हता. आवाज आपल्या शाळेच्या बेस गिटारमधून येत होता. त्याचे मूळ शोधताना आम्हाला जे शिकायला मिळाले ते विद्यार्थ्यांच्या आणि विश्वस्त मंडळींच्या माहितीसाठी येथे देत आहोत. विश्वस्तांसाठी अशासाठी की, नवी गिटार घ्यावी की जुनीच दुरुस्त करावी, हा प्रश्न बैठकीत त्यांच्यापुढे होता.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झालेले. त्यामुळे ‘प्रेरित धारा’ आमच्या तोंडी आधी येते आणि ‘प्रवर्तित धारा’ नंतर. भाषा कोठे घसरली तर मराठीच्या बाईंनी सांभाळून घ्यावे.

प्रथम बेस गिटारविषयी. साध्या गिटारला सहा तारा असतात, हिला चार, आणि त्या जाड असतात. तबल्यात डग्ग्याचे जे काम, तेच साधारण हिचे. पण डग्गा तालाचा पाया धरतो आणि ही तालाबरोबर सुराचाही. एका विश्वस्तांनी विचारले होते की, अमीर खाँसाहेबांच्या इंदूरात, तेही मराठी शाळेत, हे वाद्य हवे कशाला? प्रश्न रास्त आहे. पण मुले जी चित्रपटगीते बसवतात त्यांतील कितीतरी गाण्यांचा पाया याच वाद्यावर उभा आहे. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवीत, आणि ती गाणी गाणाऱ्या लताबाई तर १९२९ साली याच इंदूरात जन्मल्या. शिवाय ही गिटार आपल्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला भेट दिलेली आहे. ती अडगळीत टाकणे आम्हाला बरे वाटेना.

या गिटारला सतारीसारखा भोपळा नाही. तार छेडली तर शेजारी बसलेल्याला जेमतेम ऐकू येईल. तारांखाली जी काळी पट्टी असते ती पिकअप. तिच्यात लहान लहान दंडचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्याने स्वतः किंचित चुंबक बनते. ती थरथरली की वेढ्यांतून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होते आणि वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे ओळखले असेल. फॅरेडे यांनी १८३१ साली दाखविलेले विद्युत-चुंबकीय प्रवर्तन ते हेच.

फेंडर कंपनीने १९५१ साली ‘प्रिसिजन’ आणि १९६० साली ‘जॅझ’ नावाची बेस गिटार बाजारात आणली. आज जगात दिसणाऱ्या बहुतेक बेस गिटार या दोन नमुन्यांच्या घरातल्याच. आपली गिटार जॅझच्या धर्तीची आहे. तिला दोन पिकअप आहेत, एक मानेच्या बाजूला आणि एक घोडीजवळ. सतार शिकणाऱ्या मुलांना ठाऊक आहे की तार घोडीजवळ छेडली तर आवाज कडक येतो आणि दूर छेडली तर गोल. पिकअप कोठे बसवला आहे यावरही हाच फरक पडतो. आपल्या गिटारचा मानेकडचा पिकअप बंद पडला होता. म्हणून आवाज पातळ झाला होता, आणि घूं-घूं त्याच वेळी सुरू झाली होती.

तो बंद का पडला, हेही सांगितले पाहिजे. पिकअपच्या पृष्ठभागावर चुंबकांची गोल टोके दिसतात. गतवर्षी एका तारेचा आवाज कमी येतो म्हणून ‘ते स्क्रू जरा दाबून पाहा’ असे कोणीतरी सुचवले. ते स्क्रू नव्हेत. जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये तार थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते, आणि चुंबक सरकला की आतली तार तुटते. सुचवणारे आम्हीच होतो.

मग प्रयोगशाळेतला मल्टिमीटर आणला. दोन्ही पिकअपच्या तारा सोडवून रोध मोजला. चांगल्या पिकअपचा साडेसात किलोओहमच्या आसपास भरला. दुसऱ्यावर मीटरच्या डाव्या कोपऱ्यात नुसता १ दिसत राहिला, म्हणजे परिपथ खंडित. पिकअप विकत घेण्याआधी ही तपासणी प्रत्येकाने करावी. पुष्कळदा दोष पिकअपमध्ये नसतोच. व्हॉल्यूमच्या बटणात नाही तर जॅकच्या सोल्डरमध्ये असतो, आणि तो फार थोड्या खर्चात निघतो.

पहिला विचार असा झाला की आपल्या शहरात पंख्यांच्या आणि पाण्याच्या मोटारी रिवाइंड करणारे इतके कारागीर आहेत, तर पिकअपच पुन्हा गुंडाळून घ्यावा. एका कारागिराने आनंदाने काम घेतले. आम्ही पुस्तकात वाचून ४२ नंबरची तार सांगितली आणि तेथेच फसलो. पुस्तकातला ४२ नंबर अमेरिकी मापाचा, त्या तारेची जाडी सुमारे ०.०६३ मिलिमीटर. आपल्या बाजारात ब्रिटिश माप चालते, आणि त्यातला ४२ नंबर सुमारे ०.१ मिलिमीटरचा. जाड तारेचे वेढे निम्मेसुद्धा मावले नाहीत. ब्रिटिश मापात आम्हाला ४६ नंबर मागायला हवा होता. तोही मागून पाहिला, पण इतकी बारीक तार मोटारीच्या यंत्रावर वारंवार तुटली. कारागिराने मजुरी घेतली नाही, हे येथे नोंदवले पाहिजे.

म्हणजे नवा पिकअप घेणे आले. आम्ही समजत होतो की चांगल्या नावाचा, जास्त जोराचा पिकअप घेतला की झाले. प्रत्यक्षात त्या घूं-घूंनेच आमची निवड ठरवली.

आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा आवर्तने करतो. हॉलमधल्या वायरिंगभोवती आणि ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरभोवती त्याच गतीने बदलणारे चुंबकीय क्षेत्र असते. पिकअपच्या वेढ्यांना ते कळते, कारण बदलते क्षेत्र टिपणे हेच त्यांचे काम. साध्या गिटारपेक्षा बेसला याचा जाच अधिक. बेसची सर्वांत खालची मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्झला बोलते आणि तिच्यावरचा तिसरा पडदा ४९ हर्ट्झला. सर्वांत वरची मोकळी तार ९८ हर्ट्झची. विजेची घूं-घूं ५० आणि १०० हर्ट्झला असते. म्हणजे ती या वाद्याच्या स्वरांना चिकटूनच, पण किंचित चढी. सुरात न मिळवलेला तानपुरा मागे चालू ठेवून गावे, तसे होते.

जॅझ बेसमध्ये यावर युक्ती केलेली असते, आणि आपली दोन्ही पिकअप चालू असताना ती काम करीत होती. गणिताच्या भाषेत ती सोपी आहे. एका पिकअपचे वेढे दुसऱ्याच्या उलट दिशेने घालतात, ही एक ऋण खूण. त्याचे चुंबकही उलटे बसवतात, ही दुसरी ऋण खूण. तारेच्या सुराला दोन्ही खुणा लागतात आणि ऋण गुणिले ऋण धन, म्हणून दोन पिकअपचे सूर एकमेकांत मिळतात. विजेच्या घूं-घूंला आतल्या चुंबकाशी काही देणेघेणे नाही. तिला वेढ्यांची एकच ऋण खूण लागते, म्हणून दोहोंची घूं-घूं एकमेकींना खोडून टाकते. एक पिकअप मेला की खोडणाराच उरत नाही.

म्हणून बदली पिकअप घेताना उरलेल्या पिकअपशी त्याची जोडी जमली पाहिजे. दोहोंचे चुंबक एकाच दिशेचे निघाले तर सूर मिळतील पण घूं-घूं दुप्पट होईल. तारा उलट जोडाव्यात तर घूं-घूं जाईल, पण सूरही एकमेकांना कापतील आणि आवाज पत्र्यासारखा येईल. ही परीक्षा अकरावीच्या मुलांनी साध्या होकायंत्राने केली. पिकअपवर धरल्यावर सुईचे कोणते टोक खाली ओढले जाते ते पाहायचे. दुसऱ्या पिकअपवर विरुद्ध टोक ओढले गेले पाहिजे.

मापाचाही प्रश्न होता. दोन्ही पिकअप एकसारखे दिसतात, पण वर्निअर कॅलिपरने मोजले तर आपल्या गिटारचा मानेकडचा सुमारे ९२ मिलिमीटर लांब आणि घोडीकडचा सुमारे ९५. घोडीकडे तारा जास्त फाकलेल्या असतात, म्हणून हा फरक. काही स्वस्त गिटारमध्ये दोन्ही एकाच मापाचे असतात. म्हणून दुकानदाराला गिटारचे नाव सांगण्यापेक्षा स्वतः मोजलेले माप सांगावे.

दुकानदाराने बॅटरीवर चालणारे ॲक्टिव्ह पिकअप सुचवले. त्यांचा आवाज स्वच्छ असतो यात शंका नाही. पण अशा बहुतेक गिटारमध्ये वायर जॅकमध्ये खोचलेली राहिली की बॅटरी संपत जाते. ज्या शाळेत भिंतीवरच्या घड्याळांची बॅटरी परीक्षेच्या दिवशीच संपते, तेथे हे नको. एकट्यानेच घूं-घूं न करणारे, आत दोन वेटोळी असलेले पिकअपही मिळतात. ते महाग होते. शेवटी साधे, पण एकमेकांसाठी बनवलेले दोन पिकअप एकत्र घेतले. एकच घेतला असता तर जुन्याशी चुंबकाची दिशा जुळेल अशी खात्री दुकानदार देईना. विश्वस्त मंडळींनी खर्च मंजूर केला, तो नव्या गिटारच्या खर्चाच्या बराच आत आहे.

या सगळ्यात एक गोष्ट निघाली ती घूं-घूंहून गंभीर होती. गिटारच्या तारा घोडीमार्फत ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात आणि सांगाडा तीन पिनांच्या प्लगातील जाड पिनेने जमिनीला. आपल्या हॉलमधल्या मंचाजवळच्या एका सॉकेटला अर्थिंगच नव्हते. अशा वेळी ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला तर तारांवर बोटे आणि माइकला ओठ लावलेल्या मुलाला झटका बसू शकतो. पिकअप येण्यापूर्वी ते सॉकेट बदलून घेतले. ज्या घरी मुले गिटार वाजवतात त्या पालकांनीही इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. आवाज कमी होतो म्हणून जाड पिन काढून टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती कृपया पाळू नये.

नवे पिकअप बसले. मुलांनी चुंबक तारांच्या फार जवळ आणले होते. त्याने तार ओढली जाऊन सूर डगमगतो, म्हणून थोडे खाली केले. दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले की हॉल शांत असतो. आमच्या वादक विद्यार्थ्याला मात्र भावगीतासाठी मानेकडच्या एकट्या पिकअपचा गोल आवाज आवडतो. ‘सर, थोडी घूं-घूं चालेल की!’ असे तो म्हणतो, आणि तो आवाज खरोखर गोड आहे. तूर्त दोन्ही बटणांवर आम्ही चिकटपट्टी लावली आहे. जुना तुटलेला पिकअप उघडून भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ठेवला आहे, इच्छुकांनी तो भिंगाखाली पाहावा.