पीएसए उतरला तो गोळीमुळे

"प्रोस्टेटची गोळी लागू पडली. पीएसए पाचावरून अडीचवर आला, आता कॅन्सरचं टेन्शन नाही." साठी ओलांडलेल्यांच्या गप्पांत, माणगावच्या स्टँडवर काय किंवा पनवेलच्या दवाखान्याबाहेर काय, हे वाक्य ठरलेलंच. गोळी लागू पडली हे खरं. पुढचं साफ चूक. पीएसए म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरची शंका तपासायला रक्तात मोजला जाणारा आकडा.

प्रोस्टेटच्या गोळ्यांतल्या फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड या औषधांनी ग्रंथी आक्रसते, लघवी मोकळी होते आणि सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्म्यावर येतो. आत कॅन्सर असला तरीही पीएसए उतरू शकतो. म्हणून त्यानंतरचा आकडा ढोबळमानाने दुप्पट करून वाचायचा. समजा, २.४ वर आलेला पीएसए पुढच्या वर्षी ३.६ झाला. लॅबच्या कागदावर ४ पर्यंत नॉर्मल छापलेलं, त्यामुळे घरचे निर्धास्त. अहो, तो ७.२ धरायचा! आणि रोज गोळी घेऊनही पीएसए चढतोय, एवढ्यावरच डॉक्टर गाठायला हवा.

यामुळे निदान लांबतं, ही नुसती शंका नाही. 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये २०१९ साली अमेरिकेतल्या ८०,८७५ प्रोस्टेट कॅन्सरग्रस्त माजी सैनिकांचा अभ्यास आला. दुरुस्त केलेला (म्हणजे औषधाचा परिणाम धरून वाचलेला) पीएसए वाढल्यापासून निदानापर्यंतचा मध्यक काळ ही औषधं घेणाऱ्यांत ३.६ वर्षं होता, इतरांत १.४. निदानाच्या वेळी कॅन्सर शरीरात पसरलेला असण्याचं प्रमाणही औषधं घेणाऱ्यांत इतरांच्या दुपटीहून जास्त होतं.

तुमची गोळी यातली आहे का? स्ट्रिपवर ब्रँडच्या नावाखालचं बारीक अक्षर वाचा. नुसतं टॅमसुलोसिन असेल तर पीएसएला धक्का लागत नाही. पण 'टॅमसुलोसिन ०.४ मिग्रॅ, ड्युटास्टेराइड ०.५ मिग्रॅ' अशी जोडगोळी सर्रास दिली जाते.

केसांसाठीच्या १ मिग्रॅ फिनास्टेराइडने काही होत नाही? होतं, त्यानेही पीएसए उतरतो. तपासणीआधी चार दिवस गोळी बंद ठेवण्यात अर्थ नाही. परिणाम ओसरायला महिने जातात.

घोटाळा बहुतेकदा डॉक्टर बदलताना होतो. मुलगा वडिलांना मुंबईला नेतो, नव्या डॉक्टरपुढे फक्त ताजा रिपोर्ट ठेवतो. गोळीचं नाव कुणी काढत नाही. गोळी सुरू करण्यापूर्वीच पीएसए करून घ्या आणि तो कागद जपा. पुढच्या प्रत्येक रिपोर्टवर पेनाने औषधाचं नाव आणि ते सुरू केल्याचा महिना लिहा. मध्ये गोळ्या चुकल्या असतील तर तेही लिहा.