जुन्या छायाचित्रांतील वाघीण : तिची ओळख आणि तिची प्रतिकृती

कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनस, कंत्राटी पद्धत आणि किमान वेतन यांवरच बोलणार, असे श्रोते धरून चालतात. त्याऐवजी वाफेच्या इंजिनांच्या काळातील मालगाडीच्या डब्यांचा विषय आम्ही घेतला, तेव्हा पुष्कळांना नवल वाटले असेल. शिवाय आपल्या कारेगावातून आगगाडी जातच नाही. गाडी पाहायची तर दौंड गाठले पाहिजे. पण या विषयाकडे आम्ही हौसेने वळलो नाही. आमच्या हातून झालेल्या एका चुकीने आम्हांला तिकडे वळविले. म्हणून आरंभी ती चूकच सांगतो.

आमच्या कचेरीच्या भिंतीवर एक जुने छायाचित्र आहे. मालधक्क्यावर एक बंद वाघीण उभी आहे. ('वॅगन'ची 'वाघीण' आपल्याच लोकांनी केली, आणि या लेखात आम्ही तोच शब्द वापरणार आहोत.) वाघिणीच्या सावलीला सात-आठ माणसे बसली आहेत. खाली कोणीतरी शाईने लिहिले होते : 'जी. आय. पी. रेल्वेचा संप, १९३०.' तो मथळा आम्ही खरा मानला. कित्येक सभांतून ते चित्र दाखवून '१९३० सालच्या संपातील ही निर्धाराने बसलेली माणसे पाहा' असे सांगितले, आणि एका पुस्तिकेतही छापले. रांजणगावच्या एका कारखान्यातील आमचा एक सभासद त्यातल्या एका माणसाकडे बोट दाखवून अभिमानाने म्हणे, "हे माझे पणजोबा."

मग एके दिवशी दौंडचे एक वृद्ध गृहस्थ कचेरीत आले. त्यांची सारी नोकरी शंटिंगमध्ये गेली. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. चित्रासमोर ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, ही माणसं संपावर नाहीत. जेवायला बसलीत."

आम्ही विचारले, "अण्णा, कशावरून म्हणता?"

"दार उघडं आहे, आत पोती आहेत. हँडब्रेकचा दांडा खाली दाबून खीळ घातली आहे. वाघीण माल उतरवायला लावली आहे. सावली पायाशी आहे, म्हणजे दुपार. आणि हे १९३० चंही नाही. अक्षरं वाचा की!"

आम्ही भिंग आणले. वाघिणीच्या अंगावर 'सी. आर.' ही इंग्रजी अक्षरे होती. सी. आर. म्हणजे सेंट्रल रेल्वे, आपली मध्य रेल्वे. ती ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी. आय. पी., निजाम स्टेट, सिंदिया आणि धोलपूर या रेल्वे एकत्र करून स्थापन झाली. १९३० साली जी रेल्वे नव्हती, तिची अक्षरे १९३० च्या चित्रात कशी येतील? ज्या चित्राचा पुरावा म्हणून आम्ही इतकी वर्षे उपयोग केला, ते चित्रच आमच्याविरुद्ध साक्ष देत होते. माणसांचे चेहरे पाहून आम्ही भारावलो होतो. त्यांच्या पाठीमागची वाघीण मात्र आम्ही कधी वाचली नव्हती.

तेव्हापासून आम्ही वाघीण वाचायला शिकलो. शिकविणारे पुस्तक हाती नव्हते. अण्णा, यार्डाच्या कडेला गंजत पडलेल्या वाघिणी आणि एक भिंग, एवढीच आमची शाळा. या शाळेत जे कळले, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट रुळांची. चित्रातील मार्ग कोणत्या रुंदीचा आहे, हे आधी ठरवावे. ब्रॉडगेजमध्ये दोन रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर, मीटरगेजमध्ये १००० आणि आपल्या भागातील अरुंद मार्गांवर ७६२ मिलिमीटर. दौंडला हा प्रश्न विशेष येतो. तेथून मनमाडकडे जाणारा १८७८ सालचा मार्ग रुंद, तर बारामतीकडे जाणारा मार्ग पूर्वी अरुंद होता. कुर्डुवाडीकडचे चित्र असेल तर बार्शी लाइट रेल्वेची आठवण ठेवावी. १८९७ साली सुरू झालेल्या त्या रेल्वेचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ नये असा नियम धरून लांब, हलक्या बोगी-वाघिणी बनवून घेतल्या. मार्ग अरुंद, म्हणून वाघीणही चिमुकली, असा समज करून घेतला की येथे फसगत होते.

दुसरी गोष्ट अक्षरांची. वाघिणीच्या अंगावर मालक रेल्वेची अक्षरे, क्रमांक, रिकामे वजन, भरण्याची मर्यादा आणि कारखान्यात मोठी दुरुस्ती झाल्याची तारीख रंगविलेली असते. प्रकाराचेही अक्षर असते : 'सी' म्हणजे बंद, 'ओ' म्हणजे उघडी, 'टी' म्हणजे टाकी, 'बी. व्ही.' म्हणजे गार्डाची ब्रेकव्हॅन. पण ही अक्षरे वाचताना दोन चुका टाळाव्यात. मालकाच्या अक्षरांवरून ठिकाण ठरवू नये. वाघीण ही देशभर फिरणारी वस्तू आहे. दौंडच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या वाघिणीवर बंगालच्या किंवा पंजाबच्या रेल्वेचे नाव असू शकते. तसेच जुने नाव दिसले म्हणून चित्र जुने ठरत नाही. रेल्वेचे नाव बदलले तरी पुन्हा रंग लागेपर्यंत जुनी अक्षरे अंगावर राहतात. म्हणून नियम असा : चित्रातील सर्वांत नवी गोष्ट शोधा. चित्र तिच्या आधीचे असूच शकत नाही. जुन्या गोष्टी दहा असोत, नवी एकच असो, निकाल त्या एकीच्या हाती.

तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. वाघिणीची पेटी सर्वांच्या नजरेत भरते, पण काळ ओळखायचा तर तिची टोके आणि तिच्या खालची बाजू पाहावी. टोकाला दोन बफर आणि मधे साखळी व स्क्रूचे कपलिंग दिसले, तर ती जुन्या धाटणीची. १९६० च्या सुमारास मोठ्या बोगी-वाघिणी आल्या, तसे मध्यभागी मुठीसारखे एकच कपलिंग असण्याची रीत पसरू लागली. टोकाशी एकच जाड रबरी नळी लोंबत असेल तर व्हॅक्यूम ब्रेक. दोन बारीक नळ्या असतील तर हवेच्या दाबाचा ब्रेक, आणि तो आपल्या मालगाड्यांना फार उशिरा, १९८० नंतरच्या काळात मिळाला. खाली चाकाच्या आसाची पेटी पाहावी. तिला उघडझाप करणारे झाकण असेल तर आत साधे बेअरिंग आहे. त्यात तेल भरीत माणूस गाडीच्या कडेकडेने चाले. सांधे रिव्हेटचे की वेल्डिंगचे, हेही भिंगाने दिसते.

या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे. बफर आणि साखळी हे आमच्या दृष्टीने केवळ ओळखीचे चिन्ह नव्हे. ती साखळी जोडायला माणूस दोन वाघिणींच्या मधे वाकून शिरत असे. वाघिणी जराशा हलल्या, तर दोन बफरांच्या मधे काय येई, हे वेगळे सांगावयास नको. अण्णा सांगत, "आत शिरताना बोलायचं नाही, बाहेर आल्यावर बोलायचं." अमेरिकेतही पूर्वी कडी आणि खीळ हाताने बसवावी लागे आणि त्यात पुष्कळ कामगारांचे हात व जीव गेले. शेवटी १८९३ साली तेथे कायदा झाला, आणि माणसाने मधे न शिरता जोडली जातील अशी आपोआप बसणारी कपलिंगे व इंजिनातून चालणारे ब्रेक रेल्वेंवर बंधनकारक झाले. म्हणजे वाघिणीच्या टोकाचा जो बदल पाहून आम्ही चित्राचे साल ठरवितो, त्या बदलापाठीमागे माणसांच्या हाडामांसाचा इतिहास आहे. जो केवळ पेटी पाहतो त्याला हा दिसत नाही.

चौथी गोष्ट रंगाची. कृष्णधवल चित्रावरून रंग सांगताना जपून बोलावे. जुन्या काळच्या पुष्कळ काचा आणि फिल्मा तांबड्या प्रकाशाला आंधळ्या होत्या. त्यांच्यावर तांबडा रंग जवळजवळ काळा उमटे. तेव्हा चित्रातील काळी वाघीण प्रत्यक्षात तांबूस तपकिरी असू शकते.

आता प्रतिकृतीकडे वळू. कोणी विचारील, ओळख पटली, मग प्रतिकृती कशाला? उत्तर सोपे आहे. नुसते पाहताना डोळा पुष्कळ गोष्टी सोडून देतो, हाताला त्या सोडता येत नाहीत. ब्रेकचा दांडा कोठे टेकतो हे ठाऊक नसेल, तर तो बसविताच येत नाही. आमचे अर्धे ज्ञान पुठ्ठा कापताना झाले.

प्रतिकृतीला माप लागते, आणि चित्रावर माप लिहिलेले नसते. अशा वेळी चित्रातच एखादे ठरलेले माप शोधावे. बाजूने घेतलेल्या चित्रात आम्ही बफरांचा आधार घेतो. ब्रॉडगेजवर बफराच्या मध्याची रुळापासूनची उंची भरलेल्या गाडीत १०३० मिलिमीटरहून कमी आणि रिकाम्या गाडीत ११०५ हून जास्त असू नये असा दंडक आहे. जुन्या वाघिणीचा बफर नव्या वाघिणीच्या बफराला टेकला पाहिजे, म्हणून ही उंची मनास येईल तशी बदलता येत नाही. आमच्या चित्रात ही उंची ११ मिलिमीटर भरली आणि वाघिणीची लांबी ६८. मधली उंची सुमारे १०६७ धरली, तर चित्रातील एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातील ९७, आणि वाघिणीची लांबी सुमारे ६ मीटर ६० सेंटिमीटर. दंडकाची दोन टोके धरली तर ती ६ मीटर ३७ पासून ६ मीटर ८३ पर्यंत कोठेही असू शकते. एवढी चूक आपल्या हिशेबात आहे, हे कागदावर लिहून ठेवावे. मग तशाच एखाद्या उभ्या वाघिणीला, परवानगी घेऊन, फीत लावून खात्री करावी.

चित्र तिरपे घेतलेले असेल तर दूरचा भाग आखूड दिसतो. तेथे फूटपट्टी उपयोगाची नाही. पण एक साधी युक्ती आहे. वाघिणीच्या बाजूचे चार कोपरे कर्णरेषांनी जोडा. दोन कर्ण जेथे छेदतात, तेथेच त्या बाजूचा खरा मध्य असतो, मग चित्र कितीही तिरपे असो. प्रत्येक अर्ध्याचे पुन्हा तसेच भाग पाडीत गेले की दार, खांब आणि पट्ट्या यांच्या जागा ठरत जातात.

प्रमाण कोणते घ्यावे? परदेशांत १ ला ८७ हे प्रमाण फार चालते, आणि त्याचे १६.५ मिलिमीटर रुंदीचे रूळ दुकानांत मिळतात. पण तेथील मार्ग आपल्यापेक्षा अरुंद. आपला १६७६ मिलिमीटरचा मार्ग १ ला १०० या प्रमाणात १६.७६ मिलिमीटर होतो, म्हणजे तोच तयार रूळ आपल्याला जवळजवळ बरोबर बसतो. शिवाय हिशेबही सोपा : मीटरचा सेंटिमीटर झाला. आमची वाघीण ६६ मिलिमीटरची झाली. जाड कागदाचे थर डिंकाने चिकटवून पेटी केली, रिव्हेट उठविण्यासाठी बोथट सुईने कागद मागून दाबला, आणि साखळीसाठी तांब्याची बारीक तार वळली. ज्यांना हे काम पूर्णत्वाला गेलेले पाहायचे असेल, त्यांनी पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले, १९९८ साली खुले झालेले लघु रेल्वेचे संग्रहालय पाहावे. खऱ्या वाघिणी व डबे पाहायचे असतील तर दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे.

अमेरिकेत हा छंद फार वाढला आहे. १९४२-४३ च्या हिवाळ्यात जॅक डेलानो या छायाचित्रकाराने सरकारी कामासाठी शिकागोची मालयार्डे टिपली. ती चित्रे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवली आहेत. तेथील वाघिणींवर वजन केल्याची तारीख रंगविलेली असे, तिच्यावरून प्रतिकृती करणारे चित्राचा काळ ठरवितात. डेलानोने वाघिणींबरोबर तेथे राबणारी माणसेही टिपली, हे आम्हांला विशेष वाटते. आपल्याकडे घरोघरच्या ट्रंकांत अशी चित्रे पडून आहेत. मागे नाव नाही, साल नाही. ती वाळवीच्या हवाली करण्याआधी एकदा भिंगाखाली धरावीत, आणि घरात कोणी अण्णा असतील तर त्यांच्यापुढे ठेवावीत. चित्र टिकेल, परंतु ते वाचून दाखविणारा माणूस नेहमी राहणार नाही.

आता त्या सभासदाविषयी सांगून संपवितो. सत्य सांगायला आम्ही त्याच्या घरी गेलो, तेव्हा आमचे पाय जड झाले होते. त्याने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे पणजोबा संपात नव्हतेच का?" आम्ही म्हणालो, "तसे हे चित्र म्हणत नाही. ते १९३० च्या संपात असतील किंवा नसतील. चित्र आपल्या एका दिवसापुरतेच बोलते, आणि त्या दिवशी ते भाकरी खात होते." तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पोती उतरवून बसले असतील. तेही लिहा."

चित्राखालचा मथळा आम्ही बदलला आहे. आता तेथे असे लिहिले आहे : 'मालधक्क्यावर दुपारची भाकरी. १९५१ नंतर.' पुस्तिकेच्या उरलेल्या प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटविली आहे. आम्हांला खोटा पुरावा चालत नाही असे आम्ही रोज मालकांना बजावतो. मग तो आपल्या बाजूचा असला तरी चालता कामा नये. व्यासपीठासमोरच्या मेजावर ती कागदी वाघीण ठेवली आहे. जाताना अवश्य पाहावी, आणि तिची पेटी पाहण्याआधी तिची टोके पाहावीत.