मृगाआधीची यादी

यादी कुणीही करतो. अवघड असतो तो क्रम. बहुतेक याद्या सुचेल तशा लिहिल्या जातात आणि जो जास्त ओरडतो त्याचं काम आधी होतं. क्रम लावण्याची एक प्रसिद्ध पद्धत आहे. ती समजावताना नेहमी ऑफिसची उदाहरणं दिली जातात. सोयाबीन पेरणाऱ्या घरात मात्र ती जास्त स्वच्छ दिसते, म्हणून इथे तेच घर घेऊ.

दोन प्रश्न

१९ ऑगस्ट १९५४ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर इलिनॉयमधल्या इव्हॅन्स्टनला जागतिक चर्च परिषदेच्या अधिवेशनात बोलले. तातडीचे प्रश्न वेगळे आणि महत्त्वाचे वेगळे, हे एका माजी महाविद्यालय-प्रमुखाचं मत त्यांनी तिथे सांगितलं. आज त्यांच्या नावाने ओळखली जाणारी चार खान्यांची चौकट त्या भाषणात नव्हती. ती लोकप्रिय केली स्टीफन कव्ही यांनी, १९८९ च्या ‘द सेव्हन हॅबिट्स ऑफ हायली इफेक्टिव्ह पीपल’ या पुस्तकातून.

प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारायचे. आज केलं नाही तर वेळ निघून जाईल का? आणि हंगामाच्या शेवटी याने काही फरक पडलेला दिसेल का? पहिला प्रश्न तातडीचा, दुसरा महत्त्वाचा. दोन्हींची हो-नाही उत्तरं जुळवली की चार खाने होतात.

दोन्हीकडे ‘हो’

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला, जमिनीत ओल उतरली आणि वाफसा आला की पेरणी. वाफसा मोजक्याच दिवसांचा असतो आणि गावातल्या प्रत्येकाला ट्रॅक्टर त्याच दिवशी हवा असतो. या खान्यात विचार करायला काही उरत नाही. विचार आधीच झालेला असावा लागतो.

महत्त्वाचं, पण कुणी विचारत नाही

खरी गोम या खान्यात आहे. घरच्या सोयाबीनची उगवणक्षमता तपासणं हे याचं उत्तम उदाहरण. या बियाण्याचं आवरण पातळ असतं, आपटाआपटीत आतला अंकुर दुखावतो, आणि वरून पाहून काही कळत नाही. २०१९ मध्ये सोयाबीन काढणीच्या वेळी पावसात सापडलं होतं. २०२० च्या खरिपात बियाणं न उगवल्याच्या तक्रारींचा मराठवाडा-विदर्भात पूर आला.

चाचणीला खर्च जवळजवळ नाही. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, गोणपाट ओलसर राहील एवढं पाणी शिंपडायचं. आठवड्याच्या आत चांगले कोंब मोजता येतात. सत्तर किंवा जास्त आले तर एकरी ३० किलोचं नेहमीचं प्रमाण चालतं. साठच आले तर त्याच हिशेबाने ३५ किलो लागेल. त्याहून फारच खाली गेले तर दुसरं बियाणं शोधायला हाताशी वेळ असतो, अर्थात चाचणी मे महिन्यात केली असेल तर.

एप्रिल-मे महिन्यात या कामासाठी कुणाचा फोन येत नाही. लग्नसराई असते, ऊन असतं, ‘करू की’ असतं. आणि एक दिवस पाऊस पडतो. काल दुसऱ्या खान्यात असलेलं काम आज पहिल्यात येतं, पण आता ते करायला आठवडा नसतो. खाने कायमचे नसतात, कामं त्यातून सरकत राहतात, हे चौकट समजावणारे फारसं सांगत नाहीत.

सगळंच आधी उरकता येत नाही, हेही खरं. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग गरज असल्यास कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी रायझोबियमसारखी जिवाणू खतं. ही शेवटची पायरी पेरणीच्या तोंडावरच करायची असते. मे महिन्यात फक्त पाकिटं कुठून आणायची ते ठरवून ठेवावं.

नुसतीच घाई

दुकानदाराचा मेसेज: ‘टॉनिकचा स्टॉक संपत आलाय.’ व्हॉट्सॲपवरचे पावसाचे अंदाज. दारात उभा राहिलेला, ‘आत्ताच चला’ म्हणणारा माणूस. यातली बरीच कामं दुसऱ्याच्या तातडीची असतात.

माणूस यांनाच का भुलतो, यावर मेंग झू आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. मुदत जवळची दिसली की कमी मोबदल्याचं कामही लोक आधी उचलतात. निवडतानाच मोबदल्याकडे लक्ष वेधलं तर ही ओढ कमी होते. म्हणून यादीत कामाशेजारी रुपये लिहावेत. ‘उगवण चाचणी’ एवढंच लिहिलं तर ती मागे पडेल. शेजारी दुबार पेरणीचा खर्च लिहिला की तिचं वजन दिसतं.

अशी कामं दुसऱ्यावर सोपवा, असा ठरलेला सल्ला असतो. राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली माणसं असतात. शेतकरी घरात ‘सोपवणं’ म्हणजे बहुधा बायकोच्या यादीत आणखी एक ओळ. त्यापेक्षा ‘संध्याकाळी सांगतो’ म्हणणं बरं. बरीच घाई तोवर आपोआप विझते.

चौथा खाना, म्हणजे ना तातडी ना महत्त्व, त्यावर वेळ घालवू नये. पारावरच्या गप्पा मात्र मी सरसकट त्यात टाकणार नाही; ट्रॅक्टर कुणाचा मोकळा आहे ते तिथेच कळतं.

तारीख कशी घालायची

दुसऱ्या खान्यातल्या कामाला स्वतःची मुदत नसते, ती आपण द्यायची. शेवटच्या क्षणापासून उलटं मोजावं. मृग जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर लागतो. दुसरं बियाणं शोधायला दोन आठवडे आणि चाचणीला एक आठवडा धरला, तर मे महिन्याच्या मध्याला गोणपाट ओलं व्हायला हवं. पीक विम्याच्या अर्जालाही हाच हिशेब: सरकारी मुदतीच्या आठ दिवस आधीची आपली मुदत, कारण शेवटच्या दिवशी केंद्रावर रांग असते आणि सर्व्हरचा भरवसा नसतो.

घरचं बियाणं ठेवणाऱ्याची यादी तर मे महिन्याच्याही बरीच आधी, मळणीलाच सुरू होते. बियाण्यासाठीचं सोयाबीन मळताना यंत्राचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० इतकेच ठेवायचे असतात. मळणीवाला पुढच्या शेतावर जायच्या घाईत असतो, म्हणून हे त्याला यंत्र सुरू व्हायच्या आधीच सांगावं लागतं.