रेष थरथरते? कर्ज काढून टॅब घेण्याआधी ही सेटिंग बघा



बार्शीटाकळीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्या मोबाईलवर लग्नपत्रिकेची नावं, बॅनर आणि दुकानाच्या पाट्यांची अक्षरं करून देतात. त्या म्हणतात, "सर, माझी रेष थरथरते. गिऱ्हाईक म्हणतं अक्षर कच्चं आहे. कर्ज काढून पेनवाला टॅब घेऊ का?"

ताई, जरा थांबा. हप्ता दर महिन्याला येतो, ऑर्डर येईलच असं नाही. आधी हातातल्या ॲपमधला स्टॅबिलायझर वापरून बघा.

हा करतो काय?

दोरीला बांधलेलं वासरू आठवा. तुम्ही पुढे चालता, दोरी ताणली की ते मागून येतं. तुमचा हात थोडा इकडेतिकडे झाला तरी वासराची वाट फारशी बदलत नाही. स्टॅबिलायझरही तसाच. बोट किंवा पेन जिथून जिथून गेलं, त्या ठिकाणांची सरासरी काढत रेष थोडी मागून येते. त्यामुळे बारीक थरथर गळून जाते.

कुठे सापडेल?

• आयबिस पेंट (मोबाईल): 'स्टॅबिलायझर' नावाची पट्टी.
• क्रिटा (कॉम्प्युटरवर मोफत): ब्रश निवडा, 'टूल ऑप्शन्स'मध्ये 'ब्रश स्मूदिंग' बघा. 'बेसिक' म्हणजे हलका आधार, 'वेटेड' त्याहून जास्त आणि 'स्टॅबिलायझर' सगळ्यात घट्ट.
• फोटोशॉप: वरच्या पट्टीत 'स्मूदिंग', 0 ते 100 टक्के.
• प्रोक्रिएट (आयपॅड): ब्रशच्या सेटिंगमध्ये 'स्ट्रीमलाइन' आणि 'स्टॅबिलायझेशन'.

किती ठेवायचं?

इथेच बरेच जण चुकतात. पट्टी सरळ शेवटपर्यंत ओढतात. मग रेष हातामागे रेंगाळते, वेळ जास्त लागतो आणि 'क्ष', 'ज्ञ' यांचे टोकदार कोपरे गोल होऊन जातात. अक्षर गुळगुळीत दिसतं, पण जीव राहत नाही.

साधा हिशेब असा: शिरोरेषा, वेलांटी, लांब उकार यांना जास्त. छोट्या गाठी, टिंब, कोपरे यांना कमी. कच्चं रेखाटन करताना बंदच ठेवा. आणि खूप झूम करून हळूहळू काढू नका, हात जितका हळू तितकी थरथर जास्त. एका दमात काढा, जमलं नाही तर अनडू आहेच.

सरावाला मात्र पर्याय नाही. मराठी नाटकांच्या नावांची अक्षरं गाजवणारे कमल शेडगे हातानंच काम करायचे. तिथे कुठला स्टॅबिलायझर?

मग टॅब कधी घ्यायचा?

खरं सांगतो, बोटानं दाब कळत नाही. दाबाप्रमाणे जाड-बारीक होणारी रेष हवी असेल तर दाब ओळखणारा पेन लागतोच, ती कमी स्टॅबिलायझर भरून काढत नाही. पण आधी सलग तीन महिने हप्त्याएवढी रक्कम ऑर्डरच्या पैशातून बाजूला पडू द्या. पडली, तर खुशाल घ्या.

आजचा गृहपाठ: 'श्री' तीनदा काढा. एकदा स्टॅबिलायझर बंद ठेवून, एकदा मध्यावर, एकदा पूर्ण. प्रत्येक वेळी घड्याळ लावा. मग तिन्ही 'श्री' घरातल्या कुणाला तरी दाखवा, पण कुठला कसा काढला ते सांगू नका. जो आवडेल आणि वेळेत बसेल, तीच तुमची सेटिंग. वहीत लिहून ठेवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!