भादव्यातला जिताडा

गळाच्या मासेमारीवरची इंग्रजी पुस्तकं वाचून वाढलेल्यांना ट्राउटचं मोठं वेड. पिसांची खोटी माशी वाहत्या पाण्यावर अलगद उतरवून तो मासा फसवायचा. 1900 च्या सुमारास इंग्रजांनी त्याची अंडी काश्मीरला आणली आणि तिथल्या थंड ओढ्यांत तो रुजला. आपल्याकडचं पाणी त्याला सोसणारं नाही. पण पावसाळा सरताना ठाणे खाडीत जो मासा गळाला लागतो, तो जिताडा माझ्या मते ट्राउटहून तसूभरही कमी नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात हाच मासा पिसांच्या माशीवर पकडायला हौशी लोक लांबून येतात.

नवी मुंबईतल्या दिवाळे, सारसोळे, वाशीगाव इथल्या कोळी-आगरी माणसांना त्याची रीत ठाऊक आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी धावतं आणि गढुळतं. अष्टमीच्या आसपास, भांगाला, ते निवळतं. ओहोटी लागली की तिवरांतलं पाणी लहान ओहोळांनी खाडीत उतरतं, त्याबरोबर कोलंबी आणि बोयटांची पिल्लं वाहत येतात. जिताडा ओहोळाच्या तोंडाशी दबा धरून असतो. जिवंत कोलंबी लावलेली गरी तिथेच सोडायची. मासा घेतो तो एका हिसड्यात, आणि दोरी तिवराच्या मुळांत गेली तर मासा गेलाच.

याचं आयुष्यही विलक्षण. जन्मतो तो नर म्हणून. काही वर्षांनी, चांगला वाढल्यावर, मादी होतो. म्हणजे फोटोसाठी उचलून धरलेला सर्वांत मोठा जिताडा बहुधा मादीच, लाखो अंडी घालणारी. म्हणूनच ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये 58 सेंटीमीटरहून लहान आणि 120 हून मोठा जिताडा सहसा ठेवता येत नाही. अंडी पावसाळ्यात, खाडीच्या मुखाकडच्या खाऱ्या पाण्यात. पिल्लं मग भरतीबरोबर आत, खाजणांत आणि गोड्या पाण्याकडे सरकतात. पेण-अलिबागच्या खारेपाटात शेतकरी हीच पिल्लं तळ्यांत सोडून वाढवतात.

नवी मुंबईत ही वाट अडली आहे. 1970 मध्ये हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली, खाजणांत भराव पडले. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली असल्याने पावसाचं पाणी साठवणारे धारण तलाव आणि झडपा आल्या. झडप नीट चालली तर ओहोटीला पाणी बाहेर जातं आणि भरती आत येत नाही. पुरासाठी ते योग्यच; पण जिताड्याच्या पिल्लाला तीच वाट हवी असते. भर पडली ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या सांडपाण्याची.

ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. पक्ष्यांसाठी हे झालं, याचा मला मनापासून आनंद आहे. पाण्याखालच्या जिवांकडे मात्र आपलं लक्ष अजून गेलेलं नाही. महापालिका आणि सिडको धारण तलावांचा गाळ काढतील तेव्हा झडपा कधी नि किती उघड्या ठेवायच्या, हे कोळीवाड्यांतल्या जाणत्यांना विचारून ठरवावं. आणि गळ घेऊन खाडीवर जाणाऱ्यांनो, हाताएवढा लहान जिताडा लागला किंवा फारच मोठा लागला, तर गरी सोडवून त्याला पाण्यात परत सोडा.